जंजिऱ्याची मागची बाजू

अर्जुनरावांनी चौतीस वर्षं लोकांना 'नाही' म्हणण्याचा पगार घेतला. आधी भोसरीच्या एका शेडमध्ये आणि मग चाकणच्या मोठ्या कंपनीत ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. समोर आलेला पार्ट मोजायचा, केसभर जरी कमीजास्त निघाला तरी त्यावर लाल स्टिकर चिकटवायचं आणि पुढचा उचलायचा, हे त्यांचं काम. मशिनवरची पोरं त्यांना मागून काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. निरोपाच्या दिवशी कंपनीने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तर यांनी भर समारंभात ते आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि दीड मिनिट मागे आहे म्हणून परत केलं. मॅनेजरने बदलून दिलं. तेही त्यांनी तपासून घेतलं.

निवृत्तीनंतर लाल-हिरव्या स्टिकरांचा उरलेला गठ्ठा घरी आला आणि तळवड्याच्या आंबेमळा रेसिडेन्सीत तपासणी सुरू झाली. कचऱ्याच्या डब्यावर लाल. नीट लावलेल्या दुचाकीवर हिरवं. लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबते म्हणून तिच्या दारावर लाल, आणि लाल लागलेल्या वस्तूत पाय ठेवायचा नाही म्हणून तेव्हापासून अर्जुनराव आणि सावित्रीबाई तिसऱ्या मजल्यावर जिन्याने जाऊ लागले. एकदा वाकड्या भाकरीवरही लाल स्टिकर लागलं. सावित्रीबाईंनी ती भाकरी स्टिकरसकट नवऱ्याच्याच ताटात वाढली. त्यानंतर स्वयंपाकघर तपासणीतून वगळण्यात आलं.

तर अशा या माणसाचं एक खोटं होतं, आणि ते चांगलं किल्ल्याएवढं होतं.

अर्जुनराव मूळचे मुरुडजवळच्या राजपुरीचे. राजपुरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात जंजिरा. त्यांचे वडील शिडाच्या होडीतून पर्यटकांना किल्ल्यावर नेत आणि वाटेत इतिहास सांगत. ऐकणारे जितके भोळे तितका तो इतिहास लांबत जाई. दरवाज्यावर कोरलेल्या वाघाच्या पंजातले हत्ती चाराचे पाच होत, पाचाचे सात होत. आठ वर्षांचा अर्जुन त्या होडीत एकदाच बसला. निम्म्या वाटेत त्याला बोट लागली, आणि ती अशी लागली की किल्ल्याच्या दरवाज्यापाशी पोचेपर्यंत मुंबईच्या दोन बायकांच्या साड्या आणि एका साहेबाचा कॅमेरा कामातून गेला. पायरीवर उडी मारायची वेळ आली तेव्हा पोराने डोलकाठीला जी मिठी मारली ती राजपुरी परत येईपर्यंत सोडली नाही. नंतर त्याने पाण्याचं नाव काढलं नाही. दहावी झाली, आयटीआय झालं, आणि त्याने नोकरीला असं गाव निवडलं की आपण आणि समुद्र यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री उभा राहावा.

भोसरीच्या शेडमध्ये पॅकिंगला सावित्री नावाची खेडकडची मुलगी होती. डब्याच्या सुट्टीत तिच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा, म्हणून अर्जुनने जंजिरा काढला. आम्ही लहानपणी तिथेच खेळायचो, बुरुजावरून सूर मारायचो, लपाछपीत तोफेमागे लपायचो. वडिलांचा सगळा इतिहास त्याने बेधडक आपल्या नावावर करून घेतला. दोन वर्षं जंजिरा ऐकल्यावर मुलगी लग्नाला तयार झाली, आणि तिच्याबरोबर ते खोटंही रीतसर नांदायला आलं.

लग्नानंतर राजपुरीला गेल्यावर 'चला, किल्ला दाखवा' हे येणारच होतं. पण धक्क्यावर पोचताच सावित्रीबाईंचा गुडघा धरला. होडीत पाय टाकणंच शक्य नव्हतं. अर्जुनरावांनी गावदेवीला मनातल्या मनात नारळ कबूल केला आणि किनाऱ्यावर बसून बायकोच्या गुडघ्याला तेल चोळलं. पुढे मुलं मोठी झाल्यावर गेले, तेव्हाही तेच. मुलं आजोबांबरोबर किल्ल्यात, ही दोघं किनाऱ्यावर. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या विंगेची सहल गेली, तर बसमधून उतरता उतरताच गुडघा आखडला. तीन वेळा त्या गुडघ्याने अर्जुनरावांची अब्रू राखली होती, आणि एरवी कशावरच विश्वास न ठेवणारा हा माणूस त्या गुडघ्याला फार मानत असे.

सोसायटीला कळलं असतं तर लोक चार दिवस हसले असते. ते त्यांनी सोसलं असतं. पण सावित्रीबाई भाजीवाल्यालासुद्धा सांगायच्या की आमचे हे जंजिऱ्यात वाढलेत. ते सांगताना त्यांची मान जी ताठ व्हायची, ती आपल्यापायी खाली जाऊ नये, एवढीच अर्जुनरावांची धडपड होती.

यंदा कोजागिरीच्या दुधाला सगळे गच्चीवर जमले, तेव्हा चेअरमन उद्धवरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. सोसायटी ज्या मळ्यावर उभी आहे तो उद्धवरावांच्या आजोबांचा. आंब्याची झाडं गेली, त्यांच्या जागी तीन विंगा आल्या, पण उद्धवराव पार्किंगला अजून कांद्याचं वावर म्हणतात आणि कुणी गाडी वाकडी लावली की पिकात गुरं शिरल्यासारखे धावत येतात.

"आपल्या भागातल्या समद्या सोसायट्यांची किल्ल्यांची स्पर्धा हाय," ते म्हणाले. "यंदा इषय दिलाय जलदुर्ग. आता समदी लोकं शिंदुदुर्ग करनार, मी आत्ताच सांगून ठिवतो. आपुन जंजिरा करायचा! त्या किल्ल्यात वाढलेला मानूस हाय आपल्याकडं. दुसऱ्या कुनाकडं हाय का? सांगा!"

कुणाकडेच नव्हता. टाळ्या पडल्या.

"ह्यांना डोळं बांधून सोडलं तरी आतनं फिरून येतील," सावित्रीबाईंनी जाहीर केलं. अर्जुनरावांना कोमट दुधाचा ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जागा निवडली ती कंपाउंडच्या भिंतीला अगदी चिकटून. भिंतीचा आधार मिळतो, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं होतं की राजपुरीच्या धक्क्यावरून दिसणारी बाजू त्यांना तोंडपाठ होती आणि मागची बाजू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मोबाइलवर फोटो हवे तेवढे होते. पण निम्म्या फोटोंत किल्ल्यापुढे कुणीतरी गॉगल घालून उभं होतं, आणि माप नसलेल्या चित्रावरून पार्ट बनवायचा नसतो हे अर्जुनरावांनी स्वतः चौतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. आता स्वतःचा नियम मोडायचा कसा? भिंत बरी.

समोरची बाजू मात्र त्यांनी अशी केली की बघत राहावं. विटा, पोती आणि इंद्रायणीकाठची काळी माती. दोन बुरुजांमधलं अंतर पट्टीने मोजलेलं, तटाची उंची व्हर्नियर लावून. बी विंगेतल्या लोकांनी प्रेमाने थापलेला एक बुरुज अर्धा सेंटिमीटर फुगला, त्यावर लाल स्टिकर लागलं आणि तो पुन्हा थापावा लागला. दरवाज्यावर वाघ आला, त्याच्याभोवती हत्ती आले. हत्ती सात. वडिलांनी सांगितलेला सगळ्यात मोठा आकडा त्यांनी घेतला.

समुद्राचं काम धनेशकडे होतं. धनेश लातूरकडचा, अर्जुनरावांच्याच जुन्या कंपनीत मेंटेनन्सला, आणि भंगारात गेलेली कुठलीही वस्तू पुन्हा सुरू करून दाखवायची त्याला खोड. त्याने ताडपत्रीचा समुद्र केला आणि जुन्या मशिनचा छोटा पंप बसवून लाटा काढल्या.

"काका, लाटा किती मोठ्या पायजेत? बटणावर हायेत बघा," त्याने पंप सुरू करून विचारलं.

पाणी तटावर आपटून हलायला लागलं. अर्जुनरावांनी क्षणभर पाहिलं आणि तोंड फिरवलं. समुद्र होता सव्वा फूट खोल. तरी ते जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि तिथूनच म्हणाले, "ओहोटीला ठेव. दिवाळीत समुद्र शांत असतो."

तळवड्यात नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे समुद्रही दिवसाआडच भरता यायचा. मधल्या दिवशी तो ताडपत्रीच्या भोकातून उद्धवरावांच्या पूर्वीच्या कांद्याच्या वावरात मुरायचा.

धनत्रयोदशीच्या सकाळी उद्धवराव पिंपरीच्या बाजारातून महाराजांची मूर्ती घेऊन आले. सिंहासनावर बसलेली, वर छत्र, चांगली हातभर उंच. त्यांनी चपला काढल्या, मूर्ती दोन्ही हातांत धरली आणि सगळ्यात उंच बुरुजाकडे निघाले.

"तिथे नाही बसवता येणार," अर्जुनराव म्हणाले.

"का? वजन पेलनार न्हाई?"

"वजनाचं नाही. जंजिरा महाराजांकडे कधी आलाच नाही."

धनेशने पंप बंद केला. दोन आठवडे बारा-पंधरा माणसं चिखलात हात घालून राबत होती, आणि दिवाळीच्या किल्ल्याची सगळ्यात पहिली गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. किल्ला म्हटला की वर महाराज, यात काय विचारायचं? अर्जुनरावांच्याही ते मूर्ती समोर येईपर्यंत लक्षात आलं नव्हतं. त्यांचा सगळा जीव मागच्या बाजूत अडकलेला.

"आलाच न्हाई म्हंजी?" उद्धवरावांचा आवाज खाली आला होता.

अर्जुनरावांनी सांगितलं. महाराजांनी एकदा नाही, अनेकदा मोहिमा काढल्या. संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून खाडीत दगड टाकून वाट करायला घेतली होती, असं सांगतात. पुढे पेशव्यांनीही जोर लावला. किल्ल्यातला सिद्दी काही हलला नाही. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, तेव्हा कुठे जंजिरा आपल्यात आला.

उद्धवरावांनी मूर्ती छातीशी घट्ट धरली. "मंग ह्यो किल्ला माझ्या वावरात बांधलाय कशापायी?"

"तुम्हीच म्हणालात ना, जंजिरा करायचा."

"मला काय म्हाईत? तुमी त्यातलं हाय. तुमी बोलायचं व्हतं!"

"काका, सोपं हाय," धनेश मध्ये पडला. "पाटी बदलू. सिंधुदुर्ग लिहू. तो बी पाण्यातलाच हाय की. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तुम्हाला सोडून ओ."

अर्जुनरावांनी खिशातून लाल स्टिकरांचा गठ्ठा काढला आणि हातात धरून ठेवला. धनेश पंपाकडे परत गेला.

उद्धवरावांना वाईट वाटलं होतं आणि ते तोंडावर दिसत होतं. मग ते हळूच म्हणाले, "अर्जुनराव, तुमी सोताच्या डोळ्यानं समदा बघितलाय. आत फिरलाय. मंग तुमी म्हनाल तसं. बघितलेल्या मानसाम्होरं आपुन काय बोलायचं?"

"शंभरदा फिरलेत!" सावित्रीबाई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडल्या.

"हूं," अर्जुनराव म्हणाले. इतका छोटा आणि इतका वाकडा पार्ट आजवर त्यांच्या हातून पास झाला नव्हता.

त्या 'हूं'चा सल त्यांना असा लागला की त्यांनी लगेच काहीतरी खरं बोलायचं ठरवलं. "जंजिऱ्याजवळच महाराजांचा स्वतःचा किल्ला आहे, पद्मदुर्ग," ते म्हणाले. "जंजिरा मिळत नाही म्हटल्यावर महाराजांनी जवळच्या बेटावर तो बांधायला घेतला. सिद्दीच्या डोळ्यांसमोर."

उद्धवरावांचा चेहरा उजळला. "म्हंजी जमीन मिळंना म्हून शेजारी घर बांधून बसले? भावकीत करत्यात तसं?"

"तसंच."

"आरं, मंग आदी न्हाई का सांगायचं!"

आणि पुढच्या दोन तासांत पद्मदुर्ग उभा राहिला. खाली उलटं घमेलं, वर माती. त्याच्या बुरुजाला कमळाच्या पाकळ्यांसारखा तट आहे, एवढं अर्जुनरावांनी सांगितलं, आणि सावित्रीबाई करंजीचं कातण घेऊन खाली उतरल्या आणि त्या पाकळ्या त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्या. महाराज पद्मदुर्गावर बसले. ते किल्ल्याच्या दुप्पट उंच होते. मापाच्या दृष्टीने हे साफ चूक होतं. अर्जुनराव दोनदा पट्टी घेऊन पुढे गेले आणि दोनदा न मोजताच मागे आले.

पाडव्याच्या सकाळी परीक्षक आल्या. विजयश्री त्यांचं नाव. मोशीच्या एका शाळेत इतिहास शिकवायच्या आणि दर रविवारी कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर असायच्या. त्या दमून आल्या होत्या. दोन दिवसांत त्यांनी अकरा सिंधुदुर्ग पाहिले होते.

आंबेमळ्याचा जंजिरा पाहून त्या थबकल्या. मग त्यांचं लक्ष पद्मदुर्गावर गेलं, तिथून जंजिऱ्याकडे बघणाऱ्या महाराजांवर गेलं, आणि त्या नीट बघायला खाली वाकल्या.

"हे कुणाला सुचलं?"

"आमचे अर्जुनराव," उद्धवरावांनी त्यांना पुढे ढकललं. "त्या किल्ल्यातच वाढलेत. समदं डोळ्यानं बघितल्यालं."

विजयश्रीबाईंनी तट पाहिला, बुरुज मोजले, खूश झाल्या. मग त्या भिंतीकडे सरकल्या, मोबाइलचा टॉर्च लावला आणि किल्ल्याच्या मागे डोकावल्या. मागे खताची पोती होती. पोत्यांवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

"पश्चिमेची बाजू केली नाहीत?"

"भिंत आली ना," धनेश म्हणाला.

"अरेरे. मागे समुद्राकडे उघडणारा तो छोटा दरवाजा आहे ना, तो मला सगळ्यात आवडतो." त्या अर्जुनरावांकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. "काका, तुम्ही लहानपणी तिथूनच ये-जा करत असाल. कसं वाटायचं ते सांगा ना. मी चारदा जाऊन आलेय, पण तिथे वाढलेल्या माणसाकडून कधी ऐकलं नाही."

सगळी सोसायटी गोळा झाली होती. उद्धवरावांनी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. पहिल्या रांगेत सावित्रीबाई, पाडव्याची नवी साडी, मान ताठ.

काय बोलायचं ते अर्जुनरावांच्या जिभेवर तयार होतं. वडिलांची सगळी टेप डोक्यात होती, तिला फक्त बटण दाबायचं होतं. दरवाजा एवढा उंच, पायऱ्या एवढ्या, भरतीला पाणी इथवर. सांगितलं असतं तर विजयश्रीबाईसुद्धा मान डोलावत ऐकत राहिल्या असत्या. पण त्यांनी खिशात हात घातला आणि बोटाला स्टिकरांचा गठ्ठा लागला. बी विंगेच्या बुरुजाला अर्ध्या सेंटिमीटरसाठी आपण लाल लावलं, हे त्यांना आठवलं. ती माणसं तिथेच उभी होती.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मागची बाजू मी पाहिलेली नाही. आतलीही नाही. मी जंजिऱ्यात कधी गेलेलोच नाही. आठव्या वर्षी दरवाज्यापर्यंत गेलो आणि परत आलो. मला बोट लागते." मग गठ्ठ्यातलं एक लाल स्टिकर सोडवून त्यांनी ते स्वतःच्या शर्टाच्या खिशावर चिकटवलं. "हत्तींचा आकडाही वडिलांचा आहे. तो तपासून घ्या."

"आत न्हाई?" उद्धवरावांनी मोबाइल खाली केला. "येकदा बी?"

"नाही."

उद्धवरावांनी महाराजांकडे पाहिलं, जंजिऱ्याकडे पाहिलं, मग अर्जुनरावांकडे. "म्हंजी महाराजांना त्यो मिळाला न्हाई, पेशव्यांना मिळाला न्हाई, आन् तुमाला बी न्हाई. आवो, मंग तोंड कशाला पाडताय? लई मोठ्या लोकांच्या लायनीत उभं हाय तुमी!"

आधी धनेश हसला, मग बी विंग हसली, मग सगळेच. विजयश्रीबाईंनाही हसू आवरलं नाही. अर्जुनरावांनी स्वतः खडू घेतला आणि पाटीवर 'जंजिरा'च्या खाली लिहिलं: राजपुरीच्या धक्क्यावरून दिसतो तेवढा. दुपारी निकाल लागला. दुसरा नंबर. बारा किल्ल्यांत जंजिरा एकच होता, त्याचाही थोडा उपयोग झाला असणार.

पण हसणाऱ्यांत सावित्रीबाई नव्हत्या. त्या मधेच निघून जिन्याने वर गेल्या होत्या.

दिवसभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दुपारी पुरणपोळ्या झाल्या, त्या सगळ्या मुद्दाम केल्यासारख्या वेड्यावाकड्या, आणि अर्जुनरावांनी त्या मान खाली घालून खाल्ल्या. बक्षिसाची ट्रॉफी घेऊन धनेश आला, ती टेबलावर तशीच राहिली. पाच वेळा त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि पाची वेळा आत मिक्सर सुरू झाला. आपल्याला कसली भीती होती ते त्यांना नीट माहीत होतं, आणि आता ती समोर घडताना बघण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

संध्याकाळी मात्र पाट मांडला गेला, रांगोळी आली, ताम्हण आलं. पाडव्याचं ओवाळणं सावित्रीबाईंनी अडतीस वर्षांत चुकवलं नव्हतं, आजही चुकवलं नाही. फक्त कुंकू लावताना बोट जरा जोरात टेकलं.

"सावित्री," अर्जुनराव म्हणाले, "मी तुझ्याशी खोटं बोललो. भोसरीपासून."

"म्हाईत हाय."

"सकाळी सगळ्यांसमोर कळलं तुला, त्याचं मला—"

"सकाळी न्हाई. लग्नात." सावित्रीबाईंनी निरांजन सरळ केलं. "मामंजींनी सांगितलं मला, हळद उतरायच्या आत. म्हनले, सूनबाई, पोराला बोट लागती. त्याला पान्याजवळ नेऊ नगं, आन् तुला कळलंय ते त्याला कळू देऊ नगं."

अर्जुनराव पाटावर बसल्या जागी गार पडले. "मग दिवसभर चिडलीस कशाला?"

"चिडू नको तर काय करू? अडतीस वर्षं झाकून ठेवलं मी! भाजीवाल्यापत्तुर! आन् तुमी त्या पोरीम्होरं पाच मिन्टात सांगून मोकळे!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरले, म्हणून त्या अजून चिडल्या. "जरा मला इचारायचं तरी."

निरांजनाची वात तडतडली. अर्जुनरावांच्या डोक्यात काहीतरी हळूहळू जुळायला लागलं.

"आणि तुझा गुडघा?"

"कुठला गुडघा?"

"मुरुडला धरायचा तो."

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय? तिसऱ्या मजल्यावर दिवसातनं धा येळा चढते-उतरते मी. लिफ्टला तुमचं लाल स्टिकर हाय म्हनून! तवा न्हाई दिसला व्हय गुडघा? अडतीस वर्षं एक खोटा गुडघा पास करत आलात, आन् म्हनं इन्स्पेक्टर!"

त्या गुडघ्याला अर्जुनरावांनी तीन वेळा तेल चोळलं होतं आणि तीनही वेळा देवाचे आभार मानले होते. मुलं किल्ला पाहून आली, अख्खी विंग पाहून आली. ही धक्क्यावर पाय लांब करून बसून राहिली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हिने विचारलं होतं, कसा आहे हो आतनं? ते त्यांना आता आठवलं.

"तुला बघायचा होता?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांच्या मनात होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"मंग! दोन वर्षं डब्याच्या सुट्टीत त्यो किल्ला नुसता ऐकला मी. त्याच्यावर लगीन केलं."

कपाटात ओवाळणीची साडी आणून ठेवली होती. अर्जुनराव ती आणायला उठू लागले, तर सावित्रीबाईंनी खांद्याला धरून त्यांना खाली बसवलं.

"साडी ऱ्हाऊ द्या. जंजिरा दाखवा. आतनं."

"बोट लागेल मला."

"लागू दे. पिशव्या घेऊ बरुबर. डोलकाठी धरायची तर धरा, मी तुमाला धरते."

अर्जुनरावांनी होकारार्थी मान हलवली. सकाळचं लाल स्टिकर अजून खिशावर होतं. ते काढायला त्यांनी हात नेला, तर सावित्रीबाईंनी तो हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ द्या ते. तिथं पायरीवर उतरलात की मी काढीन," त्या म्हणाल्या, आणि ताम्हण उचलून ओवाळू लागल्या.